कचऱ्याविषयी जनजागृती करताना घ्यावयाची काळजी

कॉलनीतला कचरा कमी व्हावा म्हणून लोकांना चार गोष्टी शिकवाव्यात, असं तुमच्या मनात आलंय. उत्तम. फक्त एवढं सांभाळा की शिक्षण व्हावं, पण कचऱ्याला धक्का लागू नये.

सुरुवात फ्लेक्सपासून करा. विश्रामबागेतल्या चौकात दुरून दिसेल एवढा मोठा. वर ‘प्लास्टिकला नाही म्हणा’, खाली शुभेच्छुकांचे फोटो. फ्लेक्स हेही प्लास्टिकच, असं कुणी खवचटपणे म्हणालंच तर सांगा, नंतर तो शेडवर ताडपत्री म्हणून जाणार आहे. याला पुनर्वापर म्हणतात. अहवालात तसंच लिहा.

वक्ता बाहेरचा असावा. घरच्यांचं कोण ऐकतं? राज्यात २०१८ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, हे त्यानं ठणकावून सांगावं. श्रोत्यांच्या मांडीवर मंडईतून आणलेल्या पिशव्या असतील, त्या टाळ्यांच्या वेळी खाली ठेवायला सांगा, चुरचुर आवाज होतो. चहा कागदी कपात द्या. त्याला आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो, म्हणून तर चहा झिरपत नाही, पण हे बोलण्याची ती जागा नव्हे. आणि भडंग कागदाच्या पुडीत बांधून देऊ नका. सांगलीत राहून लोकांना एवढं हलकं लेखू नये.

अंजनीच्या आर. आर. आबांनी ग्रामविकास मंत्री असताना गाडगेबाबांच्या नावानं ग्रामस्वच्छता अभियान काढलं, हा आपल्या जिल्ह्याचा अभिमान भाषणात आलाच पाहिजे. मात्र बाबांची पद्धत आता चालायची नाही. ते आधी गाव झाडायचे आणि रात्री कीर्तन करायचे. आपण कीर्तनच घ्यावं, भरपूर घ्यावं. झाडायला महापालिकेची माणसं आहेत.

मुलांची चित्रकला स्पर्धा हवीच. पोरं हुशार असतात. हिरवा डबा ओल्याचा, निळा सुक्याचा, बरोब्बर रंगवतात. २०१६ च्या नियमांत घरातला घातक कचरा वेगळा ठेवायला सांगितलाय, तर एखादी चिमुरडी तिसरा डबाही काढेल. तिला पहिला नंबर द्या, प्रमाणपत्र लॅमिनेट करून द्या. घरी गेल्यावर ‘आई, आपल्याकडे एकच बादली का गं?’ असं तिनं विचारलं, तर तो घरगुती प्रश्न आहे. समितीनं त्यात पडू नये.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ते म्हणजे गाठ. कचऱ्याची पिशवी कशी बांधायची हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही, तरी उजळणी करतो. तळाला कालची आमटी. त्यावर मेथीच्या काड्या, बाळाचं डायपर, संपलेले सेल, दाढीचं ब्लेड. वरून दोन गाठी, करकचून. सकाळी घंटागाडीवरची बाई ती गाठ नखांनी सोडवायचा प्रयत्न करते, सुटत नाही, मग पिशवीच्या पोटात बोट घालून फाडते. हातमोजा असतो तिच्या हातात, एका बोटाला भोक पडलेला. आमटी तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळते. तेवढ्यात तुम्ही गॅलरीतून ओरडावं, ‘अहो मावशी, खाली सांडू नका!’ झालं की लोकशिक्षण.

ओला कचरा घरीच जिरवा, असं कुणी सुचवेल. घरच्या कचऱ्यात निम्म्याच्या आसपास ओलाच असतो, तो बाहेर गेलाच नाही तर घंटागाडी करणार काय? डेपोवर ढिगाखाली हवा न लागता तो कुजतो, मिथेन धरतो, आग लागली की धुमसत बसतो. एवढं सगळं तो स्वतःहून करतो, तर आपण का आड यावं? शिवाय २०१९ च्या पुरात, आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा, ओसरल्यावर गाद्या, कपाटं, वह्या, धान्य, सगळा संसार चिखलासकट रस्त्यावर आला होता. तेव्हा कचरा म्हणजे काय ते आख्ख्या गावाला नाकानं शिकवून झालंय. (पुढच्याच दिवाळीत आपण नव्या गाद्यांची प्लास्टिकची वेष्टनं कोपऱ्यावर टाकून पास झालो, ते वेगळं.)

खरा धोका मात्र तळमजल्यावरच्या आजींचा आहे. त्यांच्याकडे भोकं पाडलेली एक जुनी बादली आहे. भाजीची देठं, त्यावर मूठभर वाळका पाला, अधूनमधून आंबट ताक. फार ओलं झालं तर वास येतो, म्हणून पाला वाढवतात, हलवून हवा देतात. दोन-तीन महिन्यांत खत, ते अळूला. घंटागाडीला द्यायला त्यांच्याकडे आठवड्याला एक सुकी पिशवी, तीही धुतलेली. अशा बाईला बोलू दिलं तर पाच मिनिटांत सगळ्यांना सगळं कळेल आणि पुढच्या वर्षी कार्यक्रमाला विषय उरणार नाही.

उपाय सोपा आहे. आजींचा सत्कार करा. सत्कार झालेल्या माणसाला लोक नमस्कार करतात, त्याचं अनुकरण करत नाहीत. शाल पॅकिंगसकट द्या, नारळ द्या, माईक देऊ नका. आजी नारळाची शेंडी बादलीसाठी ठेवून घेतील आणि शालीवरची प्लास्टिकची पिशवी काढून, घडी घालून, ‘हे तुमचं तुम्हाला, बाळ,’ म्हणत तुमच्याच हातात परत देतील. हसत घ्या, फोटो चालू असतो. मग खुर्चीवर बसून हळूच पायानं टेबलाखाली सरकवा. टेबलक्लॉथ जमिनीपर्यंत असू द्या, हे मंडपवाल्याला आधीच सांगून ठेवावं.