तिसरा भाग सोड, असं त्या पोराला सांगू नका

आज सकाळपासून डोकं तापलंय. दोन ओळी लिहून मोकळा होणार होतो, पण हे दोन ओळींत मावणारं नाही.

ओळखीतल्या एका सोळा वर्षांच्या पोराने काल रात्री 'द डार्क नाइट', म्हणजे बॅटमॅनच्या तीन चित्रपटांच्या मालिकेतला दुसरा, पहिल्यांदा पाहिला. सकाळी ग्रुपवर हरखून विचारलं, "आता तिसरा बघू ना?" त्यावर तीन मोठ्या माणसांनी एका मिनिटाच्या आत उत्तरं दिली. सोड. दुसऱ्यावरच थांब. तिसऱ्यात माती खाल्लीय. पोरगं "बरं" म्हणालं आणि गप्प बसलं.

ते "बरं" मला फार लागलं. (शेवटाबद्दल लिहिणार आहे. 'द डार्क नाइट राइजेस' पाहिला नसेल तर इथेच थांबा.)

पहिली गोष्ट, तिसरा भाग दुसऱ्याचा पुढचा भाग नाहीच. तो पहिल्याचा आहे. २००५ चा 'बॅटमॅन बिगिन्स' लोक पाहतात आणि विसरतात, २००८ च्या दुसऱ्या भागातला खलनायक जोकर डोक्यात घेऊन फिरतात, आणि २०१२ चा चित्रपट त्या जोकरच्या फूटपट्टीने मोजतात. जोकर करणारा हीथ लेजर जानेवारी २००८ मध्ये गेला, दुसरा भाग लागायच्या आधीच. तिसऱ्या भागात जोकरचं नावही कुणी घेत नाही, ते मुद्दाम. पण प्रेक्षक १६५ मिनिटं त्या रिकाम्या खुर्चीकडेच बघत बसले आणि समोर तिसऱ्याचा खलनायक बेन उभा होता तो त्यांना दिसलाच नाही.

"बॅटमॅन किती उशिरा येतो!" ही कायमची तक्रार. येतो, जवळपास पाऊण तासाने. पहिल्या भागात तर सूट अंगात घालायलाच तासभर जातो, तेव्हा कुणी कुरकुरलं नव्हतं. दुसरी तक्रार, बेन त्याची पाठ मोडून त्याला दूरदेशीच्या विहिरीसारख्या तुरुंगात टाकतो त्यानंतरची: "विहिरीतून सुटला, खिशात पैसा नाही, कागदपत्रं नाहीत, आपल्या शहरात, गॉथमला, पोहोचला कसा?" अहो, पहिल्या भागात हाच माणूस सात वर्षं घरादाराशिवाय, चोरांच्या टोळ्यांतून जगभर भटकलेला आहे. हद्दीपार कसं जायचं हे शिकण्यातच त्याची उमेदवारी गेली. वेढा घातलेल्या शहरात तो शिरला कसा हे एका शॉटने दाखवायला हवं होतं, एवढं मान्य. पण "अशक्य" म्हणणाऱ्याने पहिला भाग लक्ष देऊन पाहिलेला नाही.

आता विहीरच घ्या. पहिल्या भागाच्या सुरुवातीला छोटा ब्रूस वेन, म्हणजे पुढचा बॅटमॅन, विहिरीत पडतो, वटवाघळं अंगावरून जातात, आणि बाप दोराला धरून खाली उतरतो, त्याला उचलून वर आणतो. सात वर्षांनी आलेल्या तिसऱ्या भागात तोच ब्रूस पुन्हा एका विहिरीच्या तळाशी आहे. पाठ मोडलेली, बाप नाही. कमरेला दोर बांधून चढतो, त्या मोठ्या उडीपाशी चुकतो आणि दोराला लटकून भिंतीवर आपटतो. पुन्हा चढतो, पुन्हा तेच. मग तिथला आंधळा म्हातारा कैदी त्याला सांगतो की तुला मरणाची भीती उरलेली नाही, म्हणून तू कमी पडतोस. पूर्वी इथून एकच मूल सुटलं होतं, ते जसं चढलं तसा चढ, दोराशिवाय. तिसऱ्या वेळी तो दोर सोडतो. उडीच्या कडेवर उभा राहतो तेव्हा शेजारच्या कपारीतून वटवाघळांचा थवा निघतो. तो दचकतो, आणि मग उडी मारतो. वर पोहोचल्यावर पहिलं काम काय करतो? तिथे पडलेला दोर खालच्या कैद्यांसाठी विहिरीत सोडतो. पहिल्या भागात बाप जो दोर घेऊन उतरला होता, तो आता मुलाच्या हातात आहे.

हे त्या पोराने पाहायचं नाही? काल रात्रीच्या आनंदाला धक्का लागेल म्हणून?

चुका आहेत, नाही कोण म्हणतं. शेअर बाजारावरचा हल्ला भर दिवसा, बेनच्या माणसांच्या कॉम्प्युटर प्रोग्रॅमला अजून ८ मिनिटं हवीत असं स्पष्ट सांगतात, मोटरसायकली बाहेर पडतात आणि त्याच पाठलागात मिट्ट काळोख होतो. त्याची सारवासारव करता येत नाही. बेनच्या मागची खरी सूत्रधार तालिया, तिचा मृत्यू घाईत उरकलाय. बेनसारखा माणूस, ज्याने १९९३ च्या कॉमिक्समध्ये बॅटमॅनची पाठ मोडली म्हणून वाचक हादरले होते, तो बॅटपॉडच्या (बॅटमॅनच्या मोटरसायकलच्या) एका गोळ्यात संपतो हे मलाही पटत नाही. झालं, दिली कबुली.

बेनच्या आवाजाचं तेवढं नीट समजून घ्या. डिसेंबर २०११ मध्ये सुरुवातीचा विमानातला प्रसंग काही निवडक आयमॅक्स, म्हणजे अतिभव्य पडद्यांवर आधीच दाखवला, आणि लोक ओरडले की काहीही समजत नाही. ओरड रास्त होती. तोंडावर मुखवटा, आजूबाजूला इंजिनांचा आवाज, त्यात आयमॅक्सचा फिल्म कॅमेरा चालताना इतकी घरघर करतो की जागेवर टिपलेले संवाद बहुतेकदा वापरता येत नाहीत, ते नंतर पुन्हा बोलून घ्यावे लागतात. पुढे ध्वनिमिश्रण बदललं आणि बेन इतरांपेक्षा वरच्या पट्टीत आला. म्हणून त्याचा आवाज तोंडातून न येता खोलीभर पसरल्यासारखा वाटतो. काहींना तो दोष वाटतो, मला दहशत वाटते. पण हे लक्षात ठेवा, या एका बाबतीत प्रेक्षकांची तक्रार ऐकली गेली होती. चित्रपट पाहून, कान देऊन, नेमकी तक्रार केली की असं होतं.

आणि दुसऱ्या टोकाचे लोक? त्यांचा राग मला जास्त येतो. जुलै २०१२ मध्ये चित्रपट लागायच्या आधी पहिली नकारात्मक परीक्षणं आली, तर स्वतःला चाहते म्हणवणाऱ्यांनी समीक्षकांना धमक्या दिल्या. चित्रपट न पाहता! परीक्षणं गोळा करणाऱ्या 'रॉटन टोमॅटोज' या वेबसाइटला या चित्रपटाखालच्या प्रतिक्रिया बंद कराव्या लागल्या. हे प्रेम नाही, ही मालकी झाली. आज सकाळी त्या पोराला "सोड" म्हणणारे तिघे आणि तेव्हा धमक्या देणारे ते, दोघांचं दुखणं एकच. पडद्यावर काय आहे ते कुणालाच बघायचं नाही.

लिहिता लिहिता जरा थांबलो. कारण त्याच आठवड्यात, २० जुलैला, अमेरिकेत ऑरोरा इथल्या चित्रपटगृहात मध्यरात्रीच्या पहिल्याच खेळाला गोळीबार झाला आणि १२ माणसं गेली. पहिला खेळ गाठणारी माणसं कोण असतात ते आपल्याला ठाऊक आहे. ज्यांना उद्यापर्यंत थांबवत नाही ती. त्या पोरासारखीच. या चित्रपटाबद्दल बोलताना आवाज चढला की मला ते आठवतं आणि मी आवाज खाली आणतो.

तर शेवट. बॅटमॅन बॉम्ब आपल्या विमानाने समुद्रावर नेतो आणि तिथे स्फोट होतो. मग फ्लोरेन्सच्या कॅफेत त्याचा जुना घरकारभारी अल्फ्रेड त्याला सेलिनाबरोबर, तिसऱ्या भागातल्या चोरणीबरोबर, बसलेला पाहतो. त्या तिघांपैकी एकाचा लाडका सिद्धांत असा की ब्रूस मेला आणि फ्लोरेन्सच्या कॅफेतलं दृश्य हे अल्फ्रेडचं स्वप्न. पुरावा काय, तर अल्फ्रेडने आधीच त्या कॅफेचं वर्णन केलेलं असतं. सेलिनाचं स्थळही त्याने गमतीत सुचवलेलं असतं, हेही मान्य. पण मग आधीची पाच मिनिटं कुठे गेली? वकील मालमत्तेची यादी करताना सांगतो की ब्रूसच्या आईची मोत्यांची माळ सापडत नाही. ब्रूसची यंत्रं बनवणारा लुशियस फॉक्स त्या विमानाच्या ऑटोपायलटबद्दल विचारतो तेव्हा कळतं की त्यातली चूक सहा महिन्यांपूर्वीच दुरुस्त झाली आहे आणि ती दुरुस्ती ब्रूस वेनच्या नावावर आहे. पोलीस अधिकारी गॉर्डन गच्चीवर जातो तर बॅटमॅनला बोलावण्याचा फोडलेला सिग्नल-दिवा नव्याने उभा. वकील, फॉक्स, गॉर्डन. अल्फ्रेड या तिन्ही ठिकाणी काहीच शोधत नाही. एका माणसाचं स्वप्न तीन वेगळ्या माणसांच्या हाती पुरावे कसं ठेवेल? ब्रूस विमानातून नेमका कधी बाहेर पडला हे दाखवलेलं नाही आणि शेवटच्या सेकंदांचं संकलन तिथे फसवतं, हा आक्षेप खरा. पण फसवणं वेगळं आणि स्वप्न वेगळं.

उलट मला त्या शेवटाचं मोल यातच वाटतं की अल्फ्रेड उठून त्याच्याकडे जात नाही. हाक मारत नाही. मान हलवतो, निघतो. आयुष्यभर त्या पोराचं सगळं केलेला माणूस आणि शेवटी त्याला एवढंच हवं होतं. लिहिताना आत्ताही घसा दाटला.

त्या पोराला मी वेगळा मेसेज केलाय, तो इथेही देतो, कुणाला उपयोगी पडला तर पडू दे.

आज तिसरा लावू नकोस. आज पहिला भाग पुन्हा बघ आणि विहीर, मोत्यांची माळ, गॉर्डनने लहान ब्रूसच्या खांद्यावर टाकलेला कोट, या तीन गोष्टी डोक्यात ठेव. उद्या तिसरा. टीव्हीचं झूम बंद ठेव. सुमारे ७२ मिनिटं आयमॅक्सवर चित्रित आहेत, त्यामुळे डिस्क लावलीस तर वरखालच्या काळ्या पट्ट्या मधूनच जातील आणि परत येतील, तो बिघाड नाही. टीव्हीच्या दोन स्पीकरवर ऐकणार असशील तर आवाजाच्या सेटिंगमध्ये नाइट मोड किंवा संवाद स्पष्ट करणारा पर्याय सुरू कर, कारण संवाद मुख्यतः मधल्या चॅनलवर असतात आणि दोन स्पीकरवर आले की संगीताखाली दबतात. सबटायटल्स लाव, त्यात कमीपणा नाही. इंटरव्हल घ्यायचाच तर पाठ मोडते तिथे घे, आधी नको.

आणि स्फोटानंतर फोन हातात घेऊ नकोस. वकील कागद वाचायला लागला की कान दे.