गुंठ्याला १३५ रुपयांची लॉटरी

सकाळी कोल्हापुरात रंकाळ्यावरनं फिरून येताना चहाच्या गाड्यावर थांबलो. शेजारी एक गृहस्थ चारचौघांना ऐकू जाईल असं बोलत होते, "पूर आला की शेतकऱ्यांची लॉटरी. पाणी उतरायच्या आत खात्यावर पैसे!" सोबतची मंडळी हसली. मी काय बोललो नाही. चहा अर्धा ठेवून निघून आलो, आणि तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही.

आमचं रान प्रयाग चिखलीकडं, नदीच्या अंगाला. २८ गुंठे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ४३ फुटांला गेली की शहराला धोका कळतो, आमच्या सरीत पाणी त्याच्या कितीतरी आधी आलेलं असतं. २०१९ ला आणि २०२१ ला तर ती ५५ च्याही वर गेली. २०२१ ला आमचा ऊस आठ दिवस शेंड्यासकट बुडाला होता.

पाणी उतरल्यावर पंचनाम्याला एक पोरगा आला. बांधावरनंच म्हणाला, "आबा, ऊस तर उभा दिसतोय की. नुकसान ३३ टक्क्यांच्या वर पाहिजे." आबा गप्प. कोयता घेऊन गुडघाभर चिखलात उतरले, मधला एक ऊस तोडून आणला आणि त्याच्यासमोर उभा चिरला. आत तांबडा पडलेला, आंबूस वास. शेंडा नुसता ओढला तर हातात आला. पोरानं मान खाली घालून लिहून घेतलं. त्याच्यावर राग नाही माझा, त्या आठवड्यात त्याच्याकडं चार गावं होती. पण उभी हयात उसात गेलेल्या माणसाला आपलं पीक मेलंय हे असं चिरून दाखवावं लागतं. लॉटरी म्हणे.

त्यावेळी केंद्राचा मदतीचा निकष बागायतीला हेक्टरी १३,५०० रुपये होता. म्हणजे गुंठ्याला १३५. नंतर १७,००० केला, म्हणजे १७०. गाड्यावर त्या चौघांच्या चहा-नाष्ट्याचं बिल तेवढं झालं असेल. एरवी २८ टन जाणारा आमचा ऊस त्या साली ११ टन गेला. टनाला तीन हजार धरा आणि तुम्हीच हिशेब करा. आबांच्या खात्यावर चार हजारांच्या आसपास आले, तेही दिवाळी उलटून गेल्यावर. सातबाऱ्यावर दोन काका आणि मुंबईची आत्ती, सगळ्यांची संमती गोळा करता करता आबांनी तालुक्याला किती खेपा घातल्या ते एसटीच्या कंडक्टरला विचारा.

हां, खोटे पंचनामे होतात. रानात पाणी नसताना नाव घालणारे आमच्या गावातही आहेत, त्यांना सगळा गाव ओळखतो. बास, एवढं मान्य.

पण "पूरपट्ट्यात ऊस लावायला कोण सांगतं" हे मला कुणी शिकवू नये. सोयाबीन-भुईमूग चार दिवसांच्या पाण्यात नासून जातंय. ऊस निदान तग धरतो, म्हणून ऊस. आणि त्या उसाला पीकविमाही नाही, हे किती जणांना ठाऊक आहे? मदत म्हणतात ती एवढीच.

लिहिता लिहिता राग जरा उतरला. त्या गृहस्थांच्या घरात कधी पाणी शिरलं नसेल, चांगलंच आहे, शिरूही नये. पण तो चिरलेला ऊस काही डोळ्यांसमोरनं जात नाही. आबांनी तो नंतर फेकला नव्हता. गोठ्याच्या दारात कितीतरी दिवस टेकवून ठेवला होता. का, ते मी विचारलं नाही.

आजचं हे त्यांना सांगितलेलं नाही. मघाशी त्यांचाच फोन आला होता, बंधाऱ्यावर पाणी किती फूट आहे विचारायला.

"३४," म्हटलं.

"मग मोटर काढून ठेवतो," म्हणाले.