“नव्या गाडीत भाव होत नाही” म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

दसऱ्यापासून आमच्या गावच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतो आहे. आधी दारव्ह्याच्या कोणीतरी टाकला, मग माझ्या दोन चुलत भावांनी, आणि परवा तो बचत गटाच्या ग्रुपवरही आला. मजकूर थोडक्यात असा: नव्या गाडीत भावबाजी चालत नाही, भाव कंपनी ठरवते. जीएसटी कमी झाल्यापासून डीलरला काही उरतच नाही, म्हणून सूट मागू नका. इन्शुरन्स शोरूमचाच घ्या, नाहीतर वॉरंटी जाते. पैसे नगदी न्या, नगदीला जास्त सूट मिळते. गाडी दसरा-दिवाळीलाच सगळ्यात स्वस्त असते. आणि गावाकडच्या माणसाने घ्यायची तर नागपूरहूनच घ्यावी, तिथे पन्नास हजारांचा फरक पडतो.

मी यवतमाळ जिल्ह्यातली. बचत गटांचे हिशेब लिहिते. डिसेंबरात मामांसोबत त्यांची पहिली नवी गाडी घ्यायला गेले होते. जुन्या दोन सेकंडहँड झाल्या, ही आयुष्यातली पहिली कोरी. म्हणून हा मेसेज वाचून मी गप्प बसू शकत नाही. कापसातल्या ओलाव्याच्या एका टक्क्यासाठी जिनिंगच्या फाटकावर तासभर भांडणारी आमची माणसं एसी शोरूममध्ये शिरली की मान हलवत सही करतात, आणि असे मेसेज त्यांना आणखी गप्प करतात.

पहिलं म्हणणं: भाव कंपनी ठरवते, भावबाजी चालत नाही.

एक्स-शोरूम किंमत कंपनी ठरवते हे खरं. पण आपण एक्स-शोरूम किंमत भरत नाही, आपण भरतो ऑन-रोड, म्हणजे कर-विमा वगैरे सगळं धरून. या दोन आकड्यांच्या मध्ये जे बसलेलं असतं, भाव तिथे होतो. मामांच्या हातात जे कोटेशन दिलं त्यात एक्स-शोरूम 6,20,000 होतं. खाली आरटीओ, इन्शुरन्स, मग “हँडलिंग चार्जेस 8,500” आणि “इसेन्शियल किट 14,900”. मामांनी चष्मा लावला, हँडलिंगच्या ओळीवर बोट ठेवलं आणि विकणाऱ्या पोराला विचारलं, “हे कायचे पैसे हाय भाऊ?”

“काकाजी, ते तर समद्यांलेच लागते.”

“समद्यांले लागते ते समजलं. कायचे हाय ते सांग.”

पोरगा चांगला होता, वीस-बावीसचा. त्याला सांगता आलं नाही. आत मॅनेजरकडे गेला, परत आला, म्हणाला यार्डातून गाडी आणायचे. मी म्हटलं, मग कोटेशनवर तसं लिहून सही-शिक्का द्या. आम्ही पावती घेऊ, आरटीओत विचारू. पाच मिनिटांत ती ओळ पेनाने खोडून आली. हँडलिंग हा सरकारी कर नाही, कायद्यातली फी नाही. गाडी शोरूमपर्यंत आणणं हा विकणाऱ्याचा खर्च आहे. कापूस आपण बाजार समितीत नेतो तेव्हा गाडीभाडं व्यापारी देतो का?

किटचंही तसंच. सीट कव्हर, मॅट, मड फ्लॅप, एक परफ्युमची बाटली आणि दाराच्या कडेला लावायची पट्टी. आमच्या पांदण रस्त्याला मॅट आणि मड फ्लॅप लागतातच, ते 3,200 मध्ये घेतले. बाकी सोडलं. “किट घेतल्याशिवाय डिलिव्हरी नाही” असं कोणी म्हटलं तर तेही लिहून मागा. लिहून कोणी देत नाही.

आरटीओची ओळ मात्र भाव करायची जागा नाही, ती तपासायची जागा आहे. महाराष्ट्रात 10 लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर वैयक्तिक मालकाला एकरकमी कर 11 टक्के लागतो. मामांच्या गाडीवर 68,200. नोंदणी फी 600, कर्ज असेल तर बोजा चढवायचे 1,500, स्मार्ट कार्डाचे 200, आणि थोडं उपकर-टपाल. कोटेशनमध्ये याच्या पुष्कळ वर आकडा असेल तर उरलेला शोरूमचा आहे. सरकारी पावती मिळतेच, ती मागून घ्या आणि फरक परत घ्या. आणि 10 लाखांच्या आतल्या गाडीवर टीसीएस, म्हणजे विकणाऱ्याने आपल्याकडून घेऊन सरकारात भरायचा आयकर, लागत नाही. तो 1 टक्का त्याच्या वरच्या गाडीला लागतो, आणि तोही आयकर विवरण भरताना वळता करून घेता येतो.

ज्या गाडीला चार-चार महिने वेटिंग आहे तिच्यावर कंपनीची सूट मिळणार नाही, हे मान्य. पण वेटिंगच्या गाडीवरही हँडलिंग घेण्याचा हक्क कोणाला येत नाही.

दुसरं: जीएसटी कमी झाला, डीलरला काही उरत नाही.

हे मला सगळ्यात जास्त खटकलं, कारण यात हिशेबच उलटा मांडला आहे. 1200 सीसीच्या आतल्या आणि 4 मीटरपेक्षा लांब नसलेल्या पेट्रोल गाडीवर आधी 28 टक्के जीएसटी आणि 1 टक्का सेस असायचा. 22 सप्टेंबर 2025 पासून सरळ 18 टक्के झाला. म्हणजे 5 लाख मूळ किमतीची गाडी करासकट 6,45,000 ला पडायची, ती 5,90,000 ला पडू लागली. कमी झालेले 55,000 सरकारकडे जाणारे होते. डीलरचा नफा मूळ किमतीच्या पोटात असतो, तो या करातून कधी निघतच नव्हता, मग कर कमी झाल्याने तो संपेल कसा?

या बोलण्याला सुरुवातीला थोडा आधार होता. 22 सप्टेंबरच्या आधी डीलरांनी सेस भरून जो माल उचलला होता, त्या सेसची वजावट कुठे करायची हा प्रश्न त्यांच्यापुढे खरोखर होता. पण तो त्या जुन्या मालाचा प्रश्न. नंतर कारखान्यातून निघालेल्या गाडीसाठी तेच कारण सांगणं म्हणजे गेल्या वर्षीच्या बोंडअळीसाठी यंदा नुकसानभरपाई मागणं.

शिवाय डीलर फक्त गाडीवर कमावत नाही. इन्शुरन्सवर, कर्जावर, अॅक्सेसरीजवर, वाढीव वॉरंटीवर, जुन्या गाडीच्या एक्स्चेंजवर, सगळीकडे त्याला काही ना काही मिळतं. त्याने कमवावं, त्याचं दुकान आहे. पण “काही उरत नाही” म्हणून त्याच्यावर दया करायला आपल्याला सांगू नये.

तिसरं: शोरूमचाच इन्शुरन्स घ्या, नाहीतर वॉरंटी जाते.

साफ खोटं. वॉरंटी गाडी बनवणारी कंपनी देते, कारखान्यातल्या दोषासाठी. इन्शुरन्स विमा कंपनी देते, अपघात-चोरीसाठी. दोन वेगळे कागद, दोन वेगळ्या कंपन्या. वॉरंटीवर गदा येते ती वायरिंग कापून बाहेरून हॉर्न-लाइट बसवल्याने किंवा सर्व्हिस चुकवल्याने. विमा कुठून घ्यायचा हे ठरवायचा हक्क ग्राहकाचा आहे.

आता पैशाचं. 1 सप्टेंबर 2018 पासून नव्या कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याचा, एकदम घ्यावाच लागतो, सुप्रीम कोर्टाच्या आदेशाने. त्याचा दर सरकार ठरवतं, म्हणून तो सगळीकडे सारखा. 2022 मध्ये ठरलेल्या दराने 1000 सीसीपर्यंत 6,521 आणि 1000 ते 1500 सीसीला 10,640, वरून जीएसटी. यात कोणी सूट देऊ शकत नाही. फरक पडतो तो आपल्या गाडीच्या नुकसानीच्या भागात, आणि तो भाग एका वर्षाचाच घेतला तरी चालतो. मामांना शोरूमने 36,400 सांगितले. आम्ही गाडीची घोषित किंमत तीच ठेवून, झीरो डेप (क्लेममध्ये पार्टच्या जुनेपणाची घट न कापणारं कव्हर) तेच ठेवून दुसरीकडे विचारलं तर 26,900. तो कागद टेबलावर ठेवल्यावर शोरूमच तेवढ्यात द्यायला तयार झालं, आणि आम्ही तिथूनच घेतला. कारण आमच्यापासून कंपनीचं वर्कशॉप पन्नास किलोमीटरवर आहे आणि तिथे कॅशलेस होणं आमच्यासाठी मोलाचं. बाहेरून घेणार असाल तर त्या विमा कंपनीचं त्या वर्कशॉपशी कॅशलेस आहे का, एवढं आधी विचारा.

आणि एक, जे तिथे कोणी स्वतःहून सांगत नाही. जुन्या गाडीवर क्लेम घेतला नसेल तर नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. जुनी गाडी विकताना विमा कंपनीकडून त्याचं पत्र घेतलं की तो नव्या गाडीच्या विम्यात लागतो, आपल्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर 20 पासून 50 टक्क्यांपर्यंत सूट म्हणून. मामांनी आधीची गाडी दोन वर्षांपूर्वीच विकली, पत्र घेतलं नाही. कोणी सांगितलंच नाही.

चौथं: नगदी न्या, नगदीला जास्त सूट.

कापसाचे पैसे खेडा खरेदीत नगदी येतात, तूर नगदी विकली जाते, म्हणून हे आमच्याकडे लगेच पटतं. पण 1 एप्रिल 2017 पासून एका व्यवहारात 2 लाख किंवा त्याहून जास्त नगदी घेण्याला आयकर कायद्याने मनाई आहे, आणि दंड घेणाऱ्याला होतो, तोही घेतलेल्या रकमेएवढा. त्यामुळे पिशवीत सहा लाख घेऊन जाऊ नका. रस्त्यात जोखीम, आणि शोरूम घेणारही नाही. पैसे शोरूमच्या खात्यावर आरटीजीएसने किंवा डीडीने द्या. बुकिंगचे पाच हजारसुद्धा विकणाऱ्या पोराच्या फोन नंबरवर टाकू नका, शोरूमच्या खात्यावर टाका आणि पावती घ्या.

सूट म्हणाल तर गणित बरेचदा उलटं असतं. कर्ज करून दिलं तर डीलरला बँकेकडून मोबदला मिळतो, म्हणून कर्जवाला त्यांना आवडतो. ती आवड कर्ज घेणाऱ्याच्या खिशाला कशी लागते ते सांगते. मामांना 5 लाखांचं कर्ज “फक्त सहा टक्क्यांनी” देतो म्हणाले, पाच वर्षांसाठी, हप्ता 10,833. ग्रामीण बँक 9 टक्के म्हणत होती. मामा म्हणाले, “सहा सोडून नऊ काऊन घेऊ?”

मी म्हटलं, मामा, आपल्या गटात सुमनबाईनं दहा हजार उचलले आणि पाच फेडले, तर पुढच्या महिन्यात व्याज कितीवर? “पाचावर.” इथे पाचही वर्षं पूर्ण 5 लाखांवरच व्याज लावलं आहे, तुम्ही फेडलेल्यावरसुद्धा. याला फ्लॅट दर म्हणतात. गटातल्यासारखं शिल्लक मुद्दलावर मोजलं तर हा सहा टक्के जवळपास 11 टक्के पडतो. बँकेच्या 9 टक्क्यांचा हप्ता 10,379 होता. महिन्याला साडेचारशे, साठ महिन्यांत 27,000 वर. 1 ऑक्टोबर 2024 पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने कर्ज देणाऱ्याला एक खुलाशाचं पत्रक द्यावं लागतं, त्यात सगळे खर्च धरून वार्षिक दर लिहिलेला असतो. तो एकच आकडा दोन ठिकाणचा समोरासमोर ठेवा. आणि हप्ता हलका करायला सात वर्षं घेत असाल तर हेही पाहा: तेच 5 लाख, तेच 9 टक्के, हप्ता 8,045 होतो, पण व्याज 1,22,750 चं 1,75,800 होतं.

पाचवं: दसरा-दिवाळीलाच स्वस्त.

मुहूर्तावर गाडी घरी यावी ही भावना मला समजते, आमच्या घरीही आहे. पण मुहूर्ताच्या दिवशी शोरूममध्ये पाय ठेवायला जागा नसते, आणि गर्दीत कोणी तुमच्यासाठी भाव सोडत नाही. कंपनीच्या जाहीर सवलती तेव्हा असतात, तेवढ्या घ्याव्यात. डीलरला गरज असते ती महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, टार्गेट भरायला, आणि त्याहून जास्त डिसेंबरात, कारण 1 जानेवारीला यार्डातली प्रत्येक गाडी एक वर्षाने जुनी दिसायला लागते. आपल्या भागाला हे सोयीचंही आहे. सोयाबीन विकलेलं असतं, कापसाच्या पहिल्या वेच्याचे पैसे आलेले असतात.

फक्त त्यात एक सांभाळा. आरसीवर उत्पादनाचा महिना आणि वर्ष छापलेलं असतं, आणि पुढे गाडी विकताना घेणारा ते पहिलं पाहतो. म्हणून पूर्ण पैसे भरण्याआधी गाडी यार्डात जाऊन पाहा, चेसिस नंबर लिहून घ्या, उत्पादनाचा महिना विचारा. आठ-दहा महिने उन्हापावसात उभी राहिलेली गाडी असेल तर सूट त्या मानाने मागा.

सहावं: नागपूरला पन्नास हजार स्वस्त.

रोड टॅक्स नागपूरला 11 टक्के आणि यवतमाळलाही 11. थर्ड पार्टी विमा तोच, एक्स-शोरूम तीच. मग फरक उरतो फक्त डीलरच्या सवलतीचा आणि त्याने घुसवलेल्या ओळींचा. पन्नास हजार वाचले असं जे सांगतात त्यांना दोन्ही कोटेशनं दाखवायला सांगा. मी दोघांची पाहिली, एकात व्हेरिएंट वेगळं होतं आणि दुसऱ्यात झीरो डेप नव्हतं. नागपूर, अमरावती, यवतमाळ, तिन्हीकडून कोटेशन जरूर मागवा, फोनवरही मिळतं. महाराष्ट्रात कुठूनही घेतली तरी नोंदणी आपल्या पत्त्यावर एमएच 29 ची करता येते. आदिलाबादहून आणली तरी वापर इथे म्हणजे कर इथलाच.

मामांनी नागपूरचं कोटेशन मागवलं होतं. ते 6,000 ने कमी होतं. यवतमाळवाल्यांना दाखवलं, त्यांनी 4,000 सोडले, आणि मामांनी उरलेल्या दोन हजारांसाठी नागपूर केलं नाही. एक्स-शोरूमचा आकडा शेवटपर्यंत 6,20,000 च राहिला. हँडलिंगचे 8,500, किटमधले 11,700, विम्याचे 9,500 आणि हे 4,000 मिळून 33,700 वाचले. सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस खरेदीच्या, 2025-26 च्या हंगामातल्या क्विंटलला 8,110 च्या भावाने ते चार क्विंटलच्या वर कापूस होतात. मामांनी हा हिशेब कोटेशनच्या मागच्या बाजूला स्वतः मांडला आणि तो कागद आरसीच्या पाकिटात ठेवला आहे. आता गावात कोणी गाडी घ्यायला निघालं की आधी तो कागद पाहायला येतं.