घंटी वाजवून बोलावलेले पाहुणे

एल्डन रिंग हा व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांत दोन गट असतात: मदतनीस बोलावणारे, आणि मदतनीस बोलावतो हे कुणाला न सांगणारे. मी उघडपणे पहिल्या गटात. लाज वाटण्याचं कारणच नाही, कारण या मंडळींची सरबराई करण्यात जेवढी शक्ती जाते तेवढ्यात बॉस, म्हणजे खेळातला बडा शत्रू, एकट्याने दोनदा आडवा झाला असता.

सुरुवात घंटीपासून. घोडा मिळाल्यानंतर रात्री एलेहच्या पडक्या चर्चमध्ये गेलात, तर मोठी टोपी घातलेली एक निळी, चार हातांची बाई बसलेली असते. ती घंटी देते आणि सोबत तीन लांडग्यांची राख. घंटी वाजवली की त्या राखेतले आत्मे आपल्या बाजूने लढायला येतात. (ती भेट हुकली तर राउंडटेबल या तळावरच्या जुळ्या म्हाताऱ्यांच्या दुकानातून घंटी विकत घ्यावी.) लांडगे बोलवायचा खर्च ५५ एफपी, म्हणजे जादूची शक्ती. वॅगाबाँड हा योद्धा घेऊन खेळ सुरू केला असेल तर गाठीला असतात सगळे मिळून ७८. पहिल्याच दुकानात पाकीट हलकं.

पैसे आहेत म्हणून घंटी कुठेही वाजत नाही. जवळपास समाधीच्या दगडासारखा एक बुटका दगड लागतो. तो हद्दीत असला की स्क्रीनच्या डावीकडे छोटं चिन्ह उमटतं. चिन्ह नाही तर घंटी नाही. एका लढाईत घंटी एकदाच. पाहुणे मेले की मेले, पुन्हा बोलावणं नाही.

आता नवखे कुठे फसतात ते सांगतो. बॉसच्या आखाड्याच्या धुक्याच्या दारातून आत जातात, बॉसकडे कौतुकाने बघतात आणि मग मेनू उघडून राख शोधायला लागतात. मार्गिटसारखा बॉस तोवर काठी घेऊन डोक्यावर आलेला असतो. राख आधीच पाऊचमध्ये किंवा झटपट वस्तूंच्या रांगेत हवी, आणि दार ओलांडताक्षणी, तो लांबून चालत येत असतानाच, घंटी वाजायला हवी. घंटी वाजवताना आपलं पात्र सत्यनारायणाच्या पूजेला बसल्यासारखं शांतपणे उभं राहतं, आणि त्या दोन-तीन सेकंदांत उडी मारून निसटता येत नाही.

लांडग्यांकडून जिंकायची अपेक्षा धरू नये. त्यांचं काम मार खाणं. तिघे तीन बाजूंनी पायाला चावतात, बॉस त्यांच्याकडे वळतो, आणि आपल्याला त्याची पाठ मिळते. तो परत आपल्याकडे वळला की हात आखडता घ्यायचा. एवढं साधं गणित, पण लांडगे लढताहेत हे बघत टाळ्या वाजवणारे लोक मी पाहिले आहेत. खेळात भेटणारी रॉडेरिका देते ती जेलीफिश स्वस्त आहे, ३१ एफपी. ती लांबूनच विष थुंकते आणि मार बराच सोसते. पण जवळ यायचं झालं तर अशी तरंगत येते की तिला रिक्षा करून आणावी.

खरी खर्चिक पाहुणी म्हणजे मिमिक टिअर. ती एफपी घेत नाही, थेट जीव घेते: ६६० एचपी. व्हिगर, म्हणजे जीव वाढवणारा गुण, २५ असेल तर एकूण एचपी ८००. म्हणजे घंटी वाजवली की आपल्याकडे उरतात १४०, बॉसच्या फुंकरीने जातील एवढे. म्हणून घंटीनंतरचं पहिलं काम जीव भरून काढणारा लाल फ्लास्क. दुसरं पथ्य त्याहून महत्त्वाचं. घंटी वाजते त्या क्षणी अंगावर जे असेल त्याचीच ती नक्कल करते. अंधाऱ्या भुयारातून आलात आणि हातात टॉर्च तशीच राहिली, तर तुमची ही सख्खी जुळी बहीण टॉर्च परजत बॉसवर धावून जाते. म्हणून आधी सगळ्यात धारदार हत्यार हातात घ्यावं, मग घंटी. झटपट रांगेतल्या वस्तू ती वापरते, पण आपल्या साठ्यातलं काही कमी होत नाही. इतका सभ्य पाहुणा दुसरा नाही. मार्च २०२२च्या अपडेटमध्ये तिचा जोर कमी केला, तरी तिला बोलावणाऱ्यांची रांग काही कमी झाली नाही.

घंटीचं एवढं कौतुक केलं, आणि राडान या बॉसच्या लढाईत ती चालतच नाही. तिथे जमिनीवर सोनेरी खुणा असतात. त्यांना हात लावला की माणसं येतात: लांडग्याच्या तोंडाचा ब्लाइद, चालताबोलता रांजण अलेक्झांडर, शिंगवाला ट्रॅगॉथ, आणखी बरेच. खुणा मात्र मैदानभर विखुरलेल्या, आणि राडान पहिल्या सेकंदापासून लांबून जांभळे बाण सोडत असतो. घोड्यावर बसायचं, नागमोडी पळवायचं आणि एकेका खुणेपाशी वाकायचं. थोडक्यात, पत्रिका वाटत फिरणारा वधूपिता, ज्याच्यावर व्याही धनुष्य रोखून बसला आहे.

पॅचेस नावाच्या पात्राला आधी मर्कवॉटरच्या गुहेत मारलं नसेल तर तोही इथे सापडतो. त्याला बोलवा. तो येतो, समोर काय चाललंय ते बघतो, आणि परत जातो. हा बिघाड नाही, स्वभाव आहे.

बाकीचे मात्र खरोखर लढतात आणि मरतात. मेलेल्याची खूण थोड्या वेळाने पुन्हा उजळते, म्हणून तलवार चालवण्यापेक्षा मैदानावर नजर ठेवणं जास्त कामाचं. राडान कुणा एकाच्या मागे लागला की पाठीमागून दोन वार, तिसऱ्याचा मोह टाळायचा, आणि पुढच्या पत्रिकेला निघायचं. राडानचा जीव अर्ध्यावर आला की तो आकाशात उडी मारून दिसेनासा होतो. हीच वेळ खुणा गोळा करायची, असं वाटतं, आणि तिथेच घात होतो. तो उल्केसारखा खाली आदळतो. तेव्हा खुणा-बिणा सोडून घोडा सरळ एका दिशेला सुसाट काढायचा. मदतनीस दगावले तर दगावले, त्यांना परत बोलावता येतं.

तो पडल्यावर त्याच वाळवंटी मैदानात एक चक्कर जरूर मारा. अलेक्झांडर तिथे आवराआवरीला थांबलेला असतो. लढाईत मेलेले वीर एकेक करून उचलतो आणि आपल्या रांजणात भरतो.