मधलं नाव

गेल्या पावसाळ्याच्या तोंडाला एक तरुण माझ्या ऑफिसात आला, बसला आणि खिशातून झिपची छोटी पिशवी काढून टेबलावर ठेवली. आत लहान मुलाचे पाच-सहा केस होते. मुळासकट उपटलेले, कारण ऑनलाइन मागवलेल्या डीएनए चाचणीच्या किटवर तसंच हवं असं लिहिलं होतं. "पोरगं झोपलं होतं तेव्हा काढले, ताई. एक ओढताना जागं झालं. डास चावला म्हणून सांगितलं."

मी वीस वर्षं तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या कोर्टात वकिली करते. पोटगी, नांदायला आणण्याचे दावे, मुलांचा ताबा, वारस नोंदी, हेच माझं रोजचं काम. (कुणाची ओळख पटू नये म्हणून इथल्या माणसांचे तपशील बदलले आहेत.) रडणारी माणसं पाहिलीत, शिव्या देणारी पाहिलीत. पण ती पिशवी डोळ्यांसमोरून जात नाही, म्हणून आज लिहायला बसले.

मुलगा सात वर्षांचा. बायको दोन वर्षांपासून माहेरी. मूल अधूनमधून याच्याकडे यायचं. पोटगीचं समन्स घेऊन बेलीफ दारात आला आणि त्यानंतर महिन्याभरात, मूल आपलंच का, अशी शंका याला आली. शंका आधी आणि समन्स नंतर, असं माझ्या टेबलापुढे फार कमी वेळा घडलंय.

मी विचारलं, "मूल राहिलं तेव्हा तुम्ही दोघं कुठं होतात?" म्हणाला, "घरीच की. एकत्रच." मग मी त्याला कायदा सांगितला. कायदेशीर लग्न चालू असताना मूल झालं, किंवा लग्न संपल्यापासून 280 दिवसांच्या आत झालं आणि आईने तोवर दुसरं लग्न केलेलं नसेल, तर ते मूल त्या नवऱ्याचंच. कायद्याच्या भाषेत हा निर्णायक पुरावा. 1872 च्या पुरावा कायद्यात हे कलम 112 होतं. 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष अधिनियमात ते कलम 116 झालं, आशय तोच राहिला. यातून सुटायची वाट एकच: गर्भ राहिला त्या काळात नवरा-बायको एकमेकांकडे पोचूच शकत नव्हते, हे सिद्ध करायचं. नवरा परदेशात होता, तुरुंगात होता, असं काहीतरी. "आमचं बोलणं नव्हतं" एवढ्याने भागत नाही. एका छपराखाली होतात ना, संपलं.

"म्हणजे विज्ञान आलं तरी दीडशे वर्षांपूर्वीचाच नियम?" हे त्याने विचारलं. सगळेच विचारतात. वकिलीच्या पहिल्या काही वर्षांत मलाही हा नियम आडमुठा वाटायचा. आता वाटत नाही. हा नियम नवऱ्याला अडकवायला किंवा बायकोला वाचवायला केलेला नाही. ज्याने काहीच केलेलं नाही, ज्याला वकील देता येत नाही, ज्याला कोर्टात आपली बाजू मांडता येत नाही, त्या पोराच्या कपाळावर 'अनौरस' असा शिक्का बसू नये म्हणून तो आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे. आपला बाप कोण हे ठरणं हा पोराचा हक्क आहे. आई-बापांनी एकमेकांना मारायला उचलायचा तो दगड नाही.

आपल्याकडे तर बाप पोराच्या नावाच्या मधोमध बसलेला असतो. हजेरीपटावर, बोनाफाईडवर, आधारवर, दहावीच्या गुणपत्रिकेवर. पोर पहिलीत स्वतःचं पूर्ण नाव लिहायला शिकतं तेव्हा मधला शब्द बापाचा असतो. तो शब्द काढायचा म्हणजे पोराने आजवर जिथं जिथं आपलं नाव लिहिलं, तिथं तिथं खाडाखोड करायची.

कोर्टांनीही हे हळूहळू ओळखलंय. केवळ संशय आला म्हणून, काही हाती लागतंय का ते बघायला रक्त तपासू देणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 1993 मध्येच गौतम कुंडू प्रकरणात सांगितलं. पुढे पुण्यातलं एक प्रकरण गेलं. नवऱ्याला बायकोचे बाहेर संबंध असल्याचं सिद्ध करायचं होतं आणि त्यासाठी धाकट्या मुलाची डीएनए चाचणी हवी होती. कौटुंबिक न्यायालयाने हो म्हटलं, उच्च न्यायालयाने हो म्हटलं, आणि फेब्रुवारी 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही आदेश रद्द केले. बायकोवर आरोप आहे ना, मग तो दुसऱ्या पुराव्यांनी सिद्ध करा. त्या भांडणात जो पक्षकारच नाही, त्या मुलाला कशाला ओढता?

आता याच्या उलट गेलेलं प्रकरणही सांगते, कारण माझ्यासमोर बसलेल्या प्रत्येक नवऱ्याला ते कुणीतरी व्हॉट्सॲपवर पाठवलेलं असतं. चंद्रपूरकडचं आहे. लग्न 1990 चं, मुलगी 1996 ची. 1991 नंतर आमचा संबंधच आला नाही, असं नवऱ्याचं म्हणणं. सर्वोच्च न्यायालयाने आधी नागपूरच्या आणि मग हैदराबादच्या प्रयोगशाळेतून चाचणी करून घेतली. दोन्हीकडे उत्तर एकच आलं: हा माणूस या मुलीचा बाप नाही. जानेवारी 2014 मध्ये न्यायालय म्हणालं, सत्य हाती आलेलं असताना गृहीतकाला कवटाळून बसता येणार नाही. त्याची पोटगी थांबली. आधी दिलेले पैसे मात्र परत मागायचे नाहीत, असंही सांगितलं. त्या नवऱ्यावर अन्याय झाला नव्हता असं मी म्हणत नाही. पण निकालाच्या वेळी ती मुलगी सतरा-अठरा वर्षांची असणार. बारावीचा फॉर्म भरायचं वय. निकालपत्रात शेवटी पैशांचा हिशोब लागतो, तिच्या त्या फॉर्ममधल्या रकान्याचा नाही लागत.

पुरुष फसवले जात नाहीत, असं माझं अजिबात म्हणणं नाही. फसवले जातात. त्याची दाद बायकोकडे मागा, घटस्फोट मागा, पुरावे आणा, मी स्वतः अशी कामं चालवली आहेत. पण सात वर्षं ज्या पोराला खांद्यावर घेऊन जत्रा दाखवली, त्याच्या झोपेत केस उपटायचे?

पोराने स्वतः विचारलं तर? तिथं माझी भूमिका वेगळी आहे. रोहित शेखर यांनी 2008 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला: काँग्रेसचे नेते नारायण दत्त तिवारी माझे वडील आहेत, तसं जाहीर करा. रोहित यांच्या जन्मावेळी त्यांची आई दुसऱ्याशी विवाहित होती, म्हणजे तेच जुनं कलम आडवं येणार होतं. तिवारींनी चार वर्षं रक्त द्यायचं टाळलं. शेवटी मे 2012 मध्ये देहरादूनच्या घरी नमुना घेतला गेला आणि जुलैमध्ये अहवाल आला. तिवारीच वडील. कायदा तोच, तरी मला हे प्रकरण योग्य वाटतं, कारण इथं मागणारा मुलगा होता. स्वतःच्या मुळाबद्दल विचारायचा पहिला हक्क त्याचाच.

आणि जानेवारी 2025 चा केरळच्या प्रकरणातला निकाल मला आजही टोचतो. तिथंही मुलगाच विचारत होता. वय वीसच्या पुढं, आजारपणाचा खर्च, आणि आईचंही म्हणणं की वडील दुसरे आहेत. पण मूल राहिलं तेव्हा नवरा-बायको एका घरात राहत होते. सर्वोच्च न्यायालयाने चाचणी नाकारली. ज्याच्याकडे बोट दाखवलं त्या माणसाच्या खासगीपणाचाही प्रश्न आहे, असं म्हटलं. कायद्याच्या चौकटीत निकाल बसतो, वकील म्हणून मला तो समजतो. पण जे कवच पोरासाठी केलं होतं, तेच पोर मोठं होऊन बाहेर यायला बघतं तेव्हा भिंत झालं. लहान मुलासाठी चाचणी मागणारे आई-बाप आणि स्वतःसाठी मागणारा सज्ञान मुलगा, यांना कायद्याने वेगळं धरायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

ज्यांच्या आई-बापांचं लग्नच कायद्यात बसत नाही, त्या मुलांना हे गृहीतक मिळतच नाही. आपल्या गावांत अशी मुलं थोडी नाहीत. पहिली बायको हयात असताना देवळात हार घालून आणलेली दुसरी, आणि तिची पोरं. माझ्याकडे अशीच एक बाई आली होती, दोन लेकरं घेऊन. नवरा गेला, जमिनीच्या फेरफारावर पहिल्या घराने हरकत घेतली. "ही पोरं त्यांची कशावरून?" असं तलाठ्यासमोर, लेकरांच्या देखत विचारलं. आम्ही डीएनएच्या वाटेला गेलोच नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेतून पहिलीचा प्रवेश अर्ज काढला. 'पालकाची सही' या ओळीवर त्या माणसाने बॉलपेनने, अडखळत, एकेक अक्षर सुटं काढून सही केली होती. शेजारी शाई सांडल्याचा निळा डाग. सोबत जन्माचा दाखला, रेशनकार्ड आणि हयातीत त्याने बँकेत भरलेलं नॉमिनेशन. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 16 प्रमाणे अशी मुलं औरसच धरली जातात, आणि आई-बापाच्या मालमत्तेत त्यांना हक्क मिळतो. 1 सप्टेंबर 2023 ला सर्वोच्च न्यायालयाने तर सांगितलं की एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत बापाच्या वाट्याला जो हिस्सा आला असता, त्यातही त्यांना वाटा आहे. सातबाऱ्यावर नावं लागली. खाली 'अ.पा.क. आई', म्हणजे अज्ञान मुलांची पालनकर्ती आई. ती बाई उताऱ्यावरच्या त्या अक्षरांवरून कितीतरी वेळ बोट फिरवत होती.

म्हणून हात जोडून सांगते, कागद करा. 21 दिवसांत जन्माची नोंद करा, शाळेच्या अर्जावर स्वतः सही करा. भांडण व्हायच्या आधी केलेली ती सही पुढं कुठल्याही प्रयोगशाळेपेक्षा जास्त बोलते.

लग्न न करता मूल वाढवणाऱ्या आईने बापाचं नाव सांगायलाच हवं का? नको. 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्ट केलंय, तिला एकटीला पालक नेमता येतं. आणि विवाहित आईसुद्धा बाप जिवंत असताना मुलाची पालक असू शकते, यासाठी लेखिका गीता हरिहरन यांना रिझर्व्ह बँकेविरुद्ध 1999 पर्यंत लढावं लागलं. 1 मे 2024 ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आपल्या राज्यात आता आधी आईचं नाव, मग वडिलांचं, असा क्रम आहे. फार उशिरा झालं, पण झालं.

मात्र लग्नातल्या मुलाच्या दाखल्यावरून रागापोटी बापाचं नाव उडवायला निघालेल्या आयाही माझ्याकडे येतात, आणि त्यांनाही मी तेच सांगते. औरंगाबाद खंडपीठाने 2025 मध्ये अशी मागणी फेटाळली आणि आईला 5,000 रुपये खर्च बसवला. निकाल कडक आहे, पण मला पटतो.

बापांसाठी एक गोष्ट. पोटगी आणि भेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. "भेटू देत नाही म्हणून पैसे देत नाही" हे कोर्टात चालत नाही, आणि "पैसे देत नाही म्हणून भेटू देणार नाही" हेही चालू नये. भेटीचा अर्ज पहिल्याच तारखेला टाका. वर्ष-दीड वर्ष गप्प बसलात की पोर तुम्हाला विसरतं आणि मग "मुलाला ओळखच नाही" हाच मुद्दा तुमच्या विरोधात उभा राहतो. रोज भेट जमत नसेल तर व्हिडिओ कॉलवर बोलू द्या, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्येच सांगितलंय.

तो पिशवीवाला तरुण. मी काम घेतलं नाही. त्याला एवढंच विचारलं, "रिपोर्ट उलटा आला तर उद्या सकाळी त्याला काय म्हणून हाक मारणार?" तो उठून गेला. दुसऱ्या वकिलामार्फत अर्ज पडला, फेटाळला गेला, अंतरिम पोटगी लागली.

गेल्या महिन्यात दुसऱ्या कामाला त्याच कोर्टात होते. पुकारा व्हायचा होता. मुलगा व्हरांड्यातल्या बाकड्यावर पालथा पडून गृहपाठ करत होता. वहीवर कार्टूनचं लेबल, त्यावर शिसपेन्सिलीने तीन शब्द, मधला दोनदा खोडून पुन्हा नीट काढलेला. बाप खांबाला टेकून दुरून ते वाचत होता. आत गेला नाही, जवळही गेला नाही. मला पाहून पुढे आला आणि हळूच विचारलं, "ताई, रविवारी भेटायचा अर्ज इथंच करायचा का?"

मी म्हटलं, हे मॅजिस्ट्रेटचं कोर्ट आहे, ताब्याचा आणि भेटीचा अर्ज जिल्हा कोर्टात टाकावा लागेल. वकिलाला सांग, एका दिवसात होईल.

परवा चौकशी केली. अजून टाकलेला नाही.