पान्ह्याचं इंजेक्शनही पेप्टाइडच

नमस्कार ताई,

साताऱ्याहून एवढं सविस्तर लिहिलंत, बरं वाटलं. तुमचं म्हणणं असं, की पेप्टाइड म्हणजे प्रथिनाचेच तुकडे, डाळी-दुधातून ते रोज पोटात जातातच. मग तुमचा पुतण्या जिममधून आणून बीपीसी-१५७ नावाचं पेप्टाइड टोचून घेतो, तर अशा इंजेक्शनांवर मी आधीच्या लिखाणात एवढा गहजब का केला? यातलं पहिलं अगदी खरं आहे. पण त्यावरून दुसरं सिद्ध होत नाही, आणि माझा जीव अडकतो तो तिथेच.

पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची माळ. माळ फार लांब झाली की तिला प्रथिन म्हणतात; सीमा काटेकोर नाही, साधारण पन्नास मण्यांच्या आसपास. एमिल फिशर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा शब्द रूढ केला, तो ‘पचलेलं’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून. डाळ खाल्ली की तिच्यातल्या माळा पोटात तुटतात. रक्तात जातात ते सुटे मणी, फार तर दोन-तीन मण्यांचे तुकडे. सुईने दिलेली माळ मात्र अख्खी आत जाते आणि हुकूम सोडते. माझी आई रोज इन्सुलिनचं पेन टोचून घेते, ते याचसाठी. ५१ मण्यांचं ते औषध गिळलं तर डाळीसारखंच पचून जाईल.

तासगावजवळ मामांचा गोठा आहे. पहाटे रेडकू सोडलं की ते कासेला दोन-चार ढुसण्या देतं, म्हैस रवंथ थांबवून उभी राहते, सडं भरून येतात. ‘आला पान्हा’ म्हणत मामा रेडकू ओढून खुंटीला बांधतात आणि बादली घेऊन बसतात. त्या मिनिटभरात म्हशीच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन सुटलेलं असतं. अवघे नऊ मणी! त्यातले दोन बदलले की व्हासोप्रेसिन होतं, आणि ते मूत्रपिंडाला पाणी धरून ठेवायला लावतं. हेच ऑक्सिटोसिन काही जण म्हशीला टोचून पान्हा काढतात. दुधासाठी जनावराला असं टोचणं १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. मामांनी ते कधी केलं नाही, याचा मला अभिमान आहे.

म्हणून ‘पेप्टाइड आहे’ एवढ्यावरून वस्तू चांगली की वाईट, काहीच कळत नाही. कुठली माळ, किती आणि कुठल्या वाटेने, हे विचारावं लागतं. बीपीसी-१५७ पंधरा मण्यांचं आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ते माणसांसाठी मंजूर केलेलं नाही, आणि जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या बंदी यादीत ते २०२२पासून आहे.

तुमचा एक आक्षेप मात्र मान्य. पेप्टाइड असलेली चेहऱ्याची क्रीम आणि इंजेक्शन मी त्या लिखाणात एकाच वाक्यात कोंबली, ते चुकलं. क्रीम कातडीवर लागते, सुई आत जाते. ती दुरुस्ती आजच करतो.

पुतण्याला बाटली हातात घेऊन बघायला सांगा: उत्पादकाचं नाव, परवाना क्रमांक, बॅच आहे का? की नुसतं ‘संशोधनासाठी’ छापलंय? तसं असेल तर पुढची सुई थांबवा आणि ती बाटली घेऊनच त्याला तुमच्या डॉक्टरांकडे न्या.