पोट उघडलं तरी छाती बंदच असते

गेल्या आठवड्यात एका पेशंटच्या मुलाने मोबाइल माझ्यापुढे धरला. व्हॉट्सअॅपवर फिरणारा मेसेज होता: ‘मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला की थेट ऑपरेशन करा. आधीचा सीटी म्हणजे लुबाडणूक. पोट उघडल्यावर सर्जनला सगळं दिसतंच. सीटीत गाठींचं खरं कळत नाही, उलट किरणांनी कॅन्सर पसरतो.’ वडिलांच्या बायोप्सीत कॅन्सर आला होता आणि हा सीटीची तारीख रद्द करायला आला होता. मी रेडिओलॉजिस्ट आहे, असे सीटी रोज वाचते. त्याला जे सांगितलं तेच इथे लिहिते.

‘पोट उघडल्यावर दिसतंच.’ पोट उघडलं तरी फुप्फुसं दिसत नाहीत, आणि हा कॅन्सर तिथेही जातो. त्याआधी बहुधा लिव्हरमध्ये, कारण आतड्याचं रक्त थेट तिकडेच जातं. निदान होतानाच साधारण पाचातल्या एका पेशंटमध्ये तो दुसरीकडे पोचलेला असतो. लिव्हरच्या वरवरची गाठ सर्जनच्या बोटांना लागेल. खोलवरची सेंटिमीटरभर गाठ लागेलच असं नाही. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये तर बोटांनी चाचपणं नसतंच. सीटीत कॉन्ट्रास्टचं, म्हणजे अवयव उजळवणाऱ्या औषधाचं, इंजेक्शन शिरेत गेलं की पेशंटला अंगभर ऊब जाणवते, सव्वा मिनिटाच्या आसपास लिव्हर उजळतं, आणि कॅन्सरचे डाग तेवढे काळपट उरतात. असा एक डाग दिसला की सगळा बेत बदलतो. किमो आधी द्यायची का, लिव्हरची गाठ काढता येईल का, दोन्ही ऑपरेशनं एकदम करायची का, हे सगळं पेशंट टेबलावर झोपल्यावर ठरवायचं?

‘गाठींचं खरं कळत नाही.’ लसिकाग्रंथींपुरतं (लिम्फ नोड) हे बरोबर आहे, आणि मी ते लपवणार नाही. सीटीत आम्ही ग्रंथीचा आकार आणि ठेवण बघतो. पाच मिलिमीटरच्या ग्रंथीत कॅन्सर असू शकतो, आणि टम्म फुगलेली ग्रंथी नुसत्या सुजेची निघू शकते. म्हणून ग्रंथींचा शेवटचा निकाल पॅथॉलॉजीचा. काढलेल्या आतड्यासोबतच्या किमान 12 ग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली बघाव्यात असा दंडक आहे. पोटाच्या आतल्या अस्तरावरचे कॅन्सरचे बारीक दाणेही सीटीतून निसटतात. पण एका प्रश्नात चूक होते म्हणून बाकीचे प्रश्न विचारायचेच नाहीत, हे कुठलं शहाणपण? गाठ आतड्याच्या भिंतीबाहेर किती गेली आहे, मूत्रवाहिनीला किंवा मूत्राशयाला चिकटली आहे का, हे आधी कळलं तर सर्जन तयारीने उतरतो. ब्रिटन, डेन्मार्क आणि स्वीडनमधल्या 1,053 पेशंटच्या फॉक्सट्रॉट अभ्यासात सीटीवरूनच पेशंट निवडले होते. त्याचे निष्कर्ष 2023 मध्ये छापून आले: ज्यांना ऑपरेशनआधी सहा आठवडे किमो दिली, त्यांच्यात दोन वर्षांत कॅन्सर उरण्याचं किंवा परतण्याचं प्रमाण 16.9 टक्के होतं. थेट ऑपरेशन झालेल्यांत 21.5 टक्के. सीटीच नसता तर हे पेशंट निवडले कसे असते?

‘किरणांनी कॅन्सर पसरतो.’ नाही. असलेला कॅन्सर सीटीच्या किरणांनी पसरत नाही. एका स्कॅनचा डोस म्हणजे साधारण काही वर्षांत निसर्गातून मिळतो तितका. कॉन्ट्रास्टमुळे काळजी घ्यायची ती किडनीची: आधी क्रिएटिनिन (किडनीचं काम सांगणारी रक्ततपासणी) तपासा, मेटफॉर्मिन हे डायबिटीसचं औषध चालू असेल तर सांगा.

राहिली लुबाडणूक. सरसकट प्रत्येकाला पेट (PET) स्कॅन, म्हणजे सीटीहून वेगळा स्कॅन, लिहिला जातो तिथे माझीही तक्रार आहे. सुरुवातीला तो सगळ्यांना लागत नाही. आतडं फुटलं आणि पेशंट ढासळत असेल तर स्कॅनसाठी ऑपरेशन अडवायचं नसतं, हेही खरं. पण या वडिलांची तशी अवस्था नव्हती.

मुलाने तारीख रद्द केली नाही. चिठ्ठीवर मात्र नुसतं ‘पोट’ लिहिलं होतं. मी सर्जनना फोन लावला आणि त्यात छातीही घालून घेतली.